पायाची बोटं सोड

अण्णा, वन्सं, वर्गातल्या मुलींनो, मंगळवार पेठेतल्या बायांनो, आणि नेसरीहून सकाळच्या गाडीनं आलेल्या ताईंच्या माहेरच्या मंडळींनो,

मला बोलता येत नाही. शोकसभेत सगळेच असं म्हणतात, पण मला खरंच येत नाही. काल बसून चार ओळी लिहिल्या होत्या, त्या वाचणार नाही. त्यात मी विजयाताईंना 'थोर' म्हटलंय. मागं एकीनं त्यांना तोंडावर थोर म्हटलं होतं, तर म्हणाल्या, "थोर न्हवं, जाड म्हण. बघणाऱ्याला पटंल तरी."

हसलात. बरं झालं. मलाही जरा श्वास घेता आला.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी शालन. माहेर बिद्रीकडचं. आमचे मालक गेले त्याला काही वर्षं झाली. त्यानंतर मी एका खानावळीत चपात्या लाटत होते आणि उरलेल्या वेळात वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचत होते. शाळा सातवीपर्यंतच झालेली. जे काय वाचायला शिकले ते मालक गेल्यावर, एकटीनं. ताई त्या खानावळीत जेवायला आल्या होत्या. मला परातीपुढं बघून म्हणाल्या, "कणीक मळताना जोर कुठनं लावतीस? हातानं का कमरेनं?"

मी म्हटलं, "कमरेनं."

"झालं की. निम्मं शिकलीस. बाकीचं शिकायला ये."

काय शिकायला, ते नंतर कळलं. मालीश करायला. पूर्वेकडची, म्हणजे आपल्या आशियातली पद्धत, आणि पश्चिमेकडची, म्हणजे युरोपातली, दोन्ही. ताई एक केरळात राहून शिकल्या होत्या आणि दुसरी पुण्यात. आता मालीश म्हटलं की माणसं गालातल्या गालात हसतात, तुम्हाला माहीत आहे. माझ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "आता लोकांची अंगं रगडणार व्हय तू?" मी ते ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, "त्यास्नी म्हणावं, खांदा घिऊन या." जाऊबाईंचा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. त्या आल्या. आजही आल्यात, तिथं खिडकीजवळ बसल्यात. वहिनी, आता केस स्वतः विंचरता ना? मान हलवली बघा.

पण मी घाबरलेली आहे. हे मला आधीच सांगून टाकू द्या. मी आज नुसती आठवणी सांगायला उभी राहिलेली नाही. परवा सोमवारी हा वर्ग उघडायचा की कायमचा बंद करायचा, ते माझ्या एका उत्तरावर येऊन थांबलंय. अण्णांनी मला प्रश्न विचारलाय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. ताईंचे मालक दोन दिवस माझ्याकडं बघतायत आणि मी चहाचे कप गोळा करतेय.

प्रश्न काय, ते कळायला ही खोली कळायला पाहिजे. तुम्ही ज्या गाद्यांवर बसलाय, त्या आमच्या पूर्वेच्या गाद्या. पूर्वेकडची पद्धत जमिनीवर. गुडघे टेकायचे आणि दाबायचं, पण ताकदीनं नाही. ताई ओरडायच्या, "ढकलू नको. झुक. तुझं वजन तुझं काम करतंय." आणि ज्या टेबलावर आज ताईंचा फोटो ठेवलाय, ते आमचं पश्चिमेचं. त्यावर तेल लावून मानेपासून कमरेपर्यंत लांब हात फिरवायचा, मग एकेक स्नायू सुटा करायचा. मुली एकमेकींना विचारायच्या, "आज तू कुठं?" "मी पश्चिमेला." रस्त्यावरच्या माणसाला वाटायचं, ह्या कुठल्या गावाला निघाल्या.

त्या स्नायूंची नावं मला येईनात. पुस्तक आणलं, पाठ केलं, ताईंपुढं घडाघडा म्हणून दाखवलं. ताई म्हणाल्या, "पुस्तकातल्या पाठीला घाम येत न्हाय, शालन. रविवारी मटण आणतीस न्हवं? चिरायच्या आधी बघ. रेषा कुठनं कुठं जात्यात, बोट फिरवून बघ." मी बघत बसले. त्या रविवारी माझ्या लेकाला दुपार टळून गेल्यावर पांढरा रस्सा मिळाला. पण रेषा कळली. माणसाच्या खांद्यावर हात ठेवला की ती रेषा अजून बोटाला लागते.

टेबलावर आता चादर आहे म्हणून दिसत नाही. त्याला डोक्याच्या बाजूला एक गोल भोक आहे. पालथं झोपलं की तोंड त्यात ठेवायचं, म्हणजे मान वळवायला लागत नाही. सुतारानं टेबल करताना अण्णांना विचारलं होतं, "पावणं, ह्या भोकातनं काय टाकायचं?" अण्णा म्हणाले, "तोंड." सुतार दोन दिवस फिरकला नाही.

त्या भोकातून काय दिसतं? खालची फरशी. आणि मालीश करणाऱ्या बाईचे पाय. तेवढंच.

आम्ही मुली एकमेकींवर हात बसवायचो. पण खरी परीक्षा म्हणजे ताई स्वतः टेबलावर पालथ्या झोपायच्या आणि म्हणायच्या, "चला. कर." मग आपण त्यांच्या पाठीवर काम करायचं आणि त्या भोकातून आपले पाय बघायच्या. मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मला वाटलं होतं हात बरे चाललेत. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "शालन, पायाची बोटं सोड."

मी खाली बघितलं. दहाही बोटं फरशीला आवळलेली. कुणीतरी ढकलून देईल अशी.

"तू भ्यालीस की तुझी बोटं आवळत्यात. बोटं आवळली की कंबर आखडती. कंबर आखडली की हात टोचतोय. आधी बोटं सोड, मग हात ठेव."

पुढं वर्षभर मी हेच ऐकलं. शालन, बोटं. शालन, बोटं. शेजारची रेश्मा खिदळायची. रेश्मा, तुझीही आवळायची, मी बघितलंय.

आता प्रश्नाकडं येते. पूर्वेकडचं शिकवायला बेळगावच्या एक बाई शनिवारी यायला तयार आहेत. पश्चिमेकडचं मुलींचं शिकून झालंय, सराव राहिलाय. त्या बाई अण्णांना म्हणाल्या, "शिकवायला मी येते. पण रोज टेबलावर झोपून, हात कसा पडला ते सांगणारं कुणीतरी पाहिजे. नवशिक्या मुलीला दुसऱ्या नवशिक्या मुलीचा हात कळत नाही." अण्णांनी मला विचारलं, "शालनताई, टेबलावर तुम्ही झोपाल का, विजयाच्या जागी?"

साधा प्रश्न आहे. काम तरी काय, झोपायचंच.

पण मी त्या टेबलावर एकदाही झोपलेली नाही.

वर्गात नियम होता. प्रत्येकीनं द्यायचं आणि प्रत्येकीनं घ्यायचं. माझी पाळी आली की मला काहीतरी व्हायचं. आज कंबर धरलीय. आज लवकर जायचंय. आज नुकतंच जेवलेय. रेश्मा म्हणायची, "मावशी, मी करतो की तुमचं. मारत न्हाय." मी म्हणायचे, उद्या. मी माझ्या वाटणीचं दुप्पट दिलं, पण घेतलं नाही.

का, ते आज सांगते. इथं बसलेल्या काही बायकांना न सांगताही कळेल. मालक गेले तेव्हा पहिले काही दिवस बायका गळ्यात पडून रडल्या. मग ते थांबलं. मग कुणी हात लावत नाही. हळदीकुंकवाला कपाळाला एक बोट लागतं, तेही नाही. लोक वाईट नसतात. नमस्कार करतात, विचारपूस करतात, लांबून. वर्षं गेली. माझ्या पाठीवर कुणाचा तळहात पडला नाही. आणि मला भीती वाटायला लागली, की आता पडला तर आतून काय बाहेर येईल? मी सगळ्या मुलींसमोर ओक्साबोक्शी रडले तर? थांबताच आलं नाही तर?

ताईंनी ओळखलं होतं. एकदा नुसतं म्हणाल्या, "द्यायला शिकलीस. घ्यायला शिकल्याबिगर मी तुला पास करणार न्हाय. सरकारी कागद मिळंल तुला. माझा न्हाय मिळायचा."

कागद मिळाला. ताईंचा राहिला.

मग त्यांचा आजार आला. पोटातून हाडांपर्यंत गेलेला. मी म्हटलं, ताई, जरा पाय चोळून देते. तर म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारलंस?"

"तुमचेच पाय हायत की, ताई."

"म्हणून तर विचार. काय शिकवलंय मी? आधी विचारायचं, मग बघायचं, मग हात."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फक्त तळवे आणि तळहात, अगदी हलक्या हातानं, दुसरीकडं कुठंही नाही. मी रोज दुपारी जायचे. मला इतकी भीती वाटायची की सांगता येत नाही. वाटायचं, माझ्या बोटाखाली एखादं हाड मोडेल. ताईंना आता पालथं होता येत नव्हतं, त्या उताण्या. माझे पाय त्यांना दिसायचे नाहीत. मग त्या छताकडं बघत विचारायच्या, "शालन, बोटं?"

मी म्हणायचे, "आवळलीत, ताई."

"सोड."

रोज. एवढंच बोलणं. कधीकधी दिवसभरात त्या तेवढंच बोलायच्या.

शेवटच्या आठवड्यात एकदा मी खाटेजवळ खाली बसून औषधाची बाटली पुसत होते. माझी पाठ त्यांच्याकडं होती. आणि त्यांनी हात ठेवला. माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये. अण्णा, तुम्ही दारात होता. त्या हातात काही ताकद उरली नव्हती. पाण्याचा पेला धरवत नव्हता त्यांना. पण वजन होतं. त्या झुकल्या होत्या. आजारी बाई, खाटेच्या कडेला, माझ्यावर झुकली होती.

मी काय केलं? "चहा ठेवते," म्हटलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. भांडं ठेवलं, पाणी ठेवलं, गॅस पेटवलाच नाही. बराच वेळ तिथं उभी राहिले. परत आले तेव्हा त्या झोपल्या होत्या. नाहीतर तसं दाखवत होत्या. त्यांना ते जमायचं.

त्या गेल्या त्या सकाळी आत अंघोळ घालायची तयारी चालली होती. ताई सवाष्ण. मी दाराच्या बाहेर थांबले. मला माझी जागा माहीत आहे. कुणी अडवलं नव्हतं, मीच थांबले. तर वन्सं, तुम्ही बाहेर आलात. ताईंच्या नणंद म्हणून मी तुम्हाला कायम भिऊन असायचे. तुम्ही म्हणालात, "शालन, तेल तू लाव. तिला तुझ्या हाताची सवय हाय."

मी आत गेले. वाटीतलं तेल घेतलं. आणि सवयीनं तळहात एकमेकांवर चोळले, गरम व्हावेत म्हणून. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "आता कशाला गं?" मी चोळत राहिले. मग त्यांच्या तळव्यांवर हात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला. इतके दिवस मोडेल मोडेल म्हणून घाबरले होते, आता घाबरण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी खाली बघितलं. माझ्या पायाची बोटं सुटी होती. मी सोडली नव्हती. आपोआप सुटली होती.

तेवढ्यावर मी शूर झाले, असं कुणी समजू नका. आता बघा. साडीच्या काठाखाली दिसत नसेल, पण आता ती पुन्हा आवळलीत. तुम्हा सगळ्यांसमोर हे बोलताना आवळलीत. आणि सोमवार तर आलाच. रेश्मा, तुझे हात गार असतात, मला माहीत आहे. चोळून ये.

हो. अण्णा, हेच माझं उत्तर.

मी शिकवणार नाही. मला येत नाही. ताईंची जागा घेणार नाही. ती घेणारी अजून मी बघितली नाही. पण ते टेबल पुसून ठेवा. सोमवारी मी पालथी झोपेन. भोकात तोंड ठेवीन. मुलींचे पाय बघेन आणि कुणाची बोटं आवळलीत ते सांगेन. आणि मी रडले, तर मुलींनो, थांबू नका. हात काढू नका. एवढंच मागणं आहे. मी चहा ठेवायला उठायला लागले तर मला उठू देऊ नका.

आता आपण ताईंसाठी शांत बसू या. उभं राहायला नको. ताईंना ते ताठ उभं राहणं पटायचं नाही, म्हणायच्या, माणसं त्यात नुसती कंबर आखडून घेतात. बसल्या जागी आपापले तळहात चोळा. गरम होईपर्यंत. पुरुषांनी पण. नेसरीच्या पावण्यांनी पण. आता ते आपल्याच गुडघ्यांवर ठेवा. दाबू नका. घड्याळ कुणी बघू नका. ताई सांगायच्या, हात ठेवला की समोरच्याचा श्वास सावकाश होईपर्यंत थांबायचं. तेवढं थांबू या.

आणि पायाची बोटं सोडा.

ताई, माझी अजून आवळलीत. सोडते.