सलीमच्या रेकॉर्डरचं अपग्रेड

भोकरदनचा आमचा सलीम लग्नांचं शूटिंग करतो ना, त्याचीच गंमत. पुतणीच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी आमची ही गेली. त्या लग्नातलं तिचं शेवटचं शूटिंग सलीमच्या जुन्या रेकॉर्डरमध्ये अडकलं होतं, नव्या कॉम्प्युटरवर उघडेना. कंपनी म्हणाली, पैसे भरून रेकॉर्डरचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, अपग्रेड करा. मी भरले.

"सलीम, डबा तर तोच दिसतोय."

"डबा तोच सर, दिमाग नवा. माणसाचं तेवढं जमत न्हाई," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

शूटिंग सुरू झालं. पंगतीत वाढता वाढता ही सांगत होती, "सलीमभाई, यांच्यावर कॅमेरा धरू नका. यांचं जेवण होईपर्यंत तुमची डिस्क भरंल."

सलीम ओशाळला. "सर, एवढं काटून टाकू?"

"बिलकुल न्हाई. एवढंच दे."