साहेबांच्या हातचं पत्र

राहू द्या हो तो दिवा, पाळकसाहेब — दिवसाढवळ्या जळतोय, दिसतंय मला — सकाळी लावला आणि बंद करायचं सुचलंच नाही. बसा तुम्ही. त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय डुगडुगतो, ह्या इकडच्या. चहा? नको? बरं. तर तुम्ही म्हणत होतात, उद्याच्या स्मरणसभेत मी साहेबांबद्दल दोन शब्द बोलावेत, आणि माझ्याकडे त्यांचं पत्र असेल तर तेही द्यावं, चर्चच्या हॉलमधल्या फळ्यावर बाकीच्यांच्या पत्रांशेजारी लावायला. असेल तर, असं का म्हणता? आहे ना. सव्वीस वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसले, माझ्याकडे नसेल तर कुणाकडे असेल? पण द्यायचं की नाही, ते — थांबा, आधी मला सांगा, तुम्हाला इथे येऊन किती झाले? चार महिने? म्हणजे तुम्ही साहेबांना आजारीच पाहिलंत. मागच्या बाकावर, गळ्याला मफलर, गाणं सुरू झालं की ओठ नुसतेच हलायचे. पूर्वी असे नव्हते हो. पूर्वी इतके बेसूर आणि इतक्या जोरात गायचे की ऑर्गन वाजवणारी बाई त्यांच्यामागे धावायची, ते तिच्यामागे नाही.

आता जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय म्हणजे काय असतं — एक खिडकी, एक रजिस्टर, आणि खिडकीबाहेर उभा असलेला माणूस, ज्याच्या घरातलं कुणीतरी काल गेलंय आणि ज्याला आज नाव, वय, पत्ता सुवाच्य अक्षरात भरायचाय. साहेब बदलून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती खिडकी बंद करून टाकली. आत या म्हणायचे. टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या — दोन का? कारण अशा कामाला सहसा कुणी एकटं येत नाही, आणि आलंच एकटं, तर साहेब आपलं टेबल सोडून दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसायचे. अर्ज चुकला तर फाडायचे नाहीत, खोडायचे नाहीत, नवीन कागद घेऊन स्वतः पुढ्यात बसून भरून घ्यायचे. हे सगळं खरं हं. उद्या हे खुशाल सांगा. माणूस वाईट होता असं मी म्हणतच नाही — मला नोकरीवर त्यांनीच घेतलं, मुलाखतीत माझ्या तोंडून शब्द फुटेना तेव्हा म्हणाले, हिचं अक्षर बोलतंय की, अजून काय पाहिजे. अक्षरच पाहिलं त्यांनी. तेव्हाच पाहिलं.

आणि मग ती पत्रं. नोंद झाली की आठ दिवसांच्या आत घरी पत्र यायचं, हाताने लिहिलेलं, छापील नाही — सरकारी लिफाफा पाहून लोक आधी घाबरायचे, वाटायचं काहीतरी कागद राहिला. उघडलं की आत साहेब. तुमच्या वडिलांच्या दुकानात मी लहानपणी बूट शिवून घेतले होते, असं काही. तुमच्या आईंची नोंद करताना तुम्ही त्यांचं वय दोनदा विचारून घेतलंत, मला समजलं, मलाही माझ्या आईचं वय कधी आठवलं नाही, असं काही. गावभर त्यांना पत्रवाले साहेब म्हणायचे. एकदा मीच त्यांना विचारलं, एवढं कशाला करता, कायद्यात कुठे आहे? तर म्हणाले, आपण ल्यूथरन माणसं, चांगली कामं करून काही स्वर्ग मिळत नाही, तो मिळायचा तर कृपेनेच, पण कामं करायची असतात. तुम्हाला हसू आलं ना? मलाही तेव्हा आवडलं होतं. आता वाटतं, स्वर्ग मिळणार नव्हताच, म्हणून ती कामं माझ्याकडून करून घेतली.

काय म्हणालात? नाही, मी काही म्हणाले नाही. म्हणाले का? बरं, म्हणाले. आता निघालंच आहे तोंडून तर ऐका. मी लागले त्याच वर्षी साहेब सायकलवरून पडले आणि उजवा अंगठा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पत्रं तर थांबवायची नाहीत. मग ते सांगायचे आणि मी लिहायची, आणि लोकांना फरक कळू नये म्हणून त्यांच्यासारखं लिहायला शिकले — त्यांचा र खालून वळून पुढच्या अक्षराला धरतो, लहान मूल आईचा पदर धरतं तसा, तो र मला आठ दिवसांत जमला. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, काय लिहायचं तुम्हाला समजतंच आहे, लिहून टाका. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पत्रं काही परत गेली नाहीत त्यांच्याकडे. सव्वीस वर्षं, पाळकसाहेब. आठवड्याला आठ-दहा. दोन खुर्च्यांवर बसून लोक जे बोलायचे ते मी समोरून ऐकायची, टिपून ठेवायची, घरी आणून ह्याच टेबलाशी बसून लिहायची, सकाळी साहेब सही करायचे. सही त्यांची, तेवढी खरी.

नाही, तेव्हा वाईट नाही वाटलं. खरंच नाही. आमचं दोघांचं गुपित होतं ते, आणि मला चारचौघांत बोलता येत नाही, माझ्या नावाने पत्रं गेली असती तर लोक रस्त्यात थांबवून बोलले असते — साहेबांना थांबवायचे, ते टोपी काढून हात हातात घ्यायचे, ते त्यांना छान जमायचं. निवृत्तीच्या समारंभात, पाच वर्षांपूर्वी, आम्ही दोघं एकाच दिवशी सुटलो, त्यांना हार, मला गुच्छ, तिथे ते माईकवर म्हणाले, एकही पत्र मी दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतलं नाही. टाळ्या. मीही वाजवल्या. वाजवताना पाहिलं त्यांच्याकडे, ते दुसरीकडे पाहत होते. घरी आले, गुच्छ पाण्यात ठेवला. झालं. कारण माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्या अख्ख्या हॉलमध्ये कुणाकडे नव्हती.

ही. गीतांच्या पुस्तकात ठेवलेली. नाही, देत नाही, नुसती दाखवते. आमचे हे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. हे थिएटरात मशीन चालवायचे, सिनेमाचं, शेवटचा खेळ संपवून यायचे आणि सकाळी नऊशिवाय डोळा उघडायचे नाहीत, मी ऑफिसला निघताना ह्यांच्या पायाला हात लावून सांगायची, निघाले हं, तर पाय आत ओढून घ्यायचे, तेवढाच आमचा निरोप. गेले तेव्हा मी पंधरा दिवस रजेवर. आणि आठव्या दिवशी लिफाफा आला. आता मला सांगा, तो र गावात किती जणांना येत होता? दोघांना. मी स्वतःला पत्र लिहिलेलं नाही हे मला माहीत होतं. मग उरलं कोण? इतक्या वर्षांत साहेबांनी एक पत्र आपल्या हाताने लिहिलं, ते मला. माझ्यासाठी बसले, अंगठा दुखत असेल तरी. ऐका त्यात काय आहे — पाठ आहे मला. "पहाटे घर सर्वांत जास्त रिकामं वाटेल. त्या वेळी अंथरुणात पडून राहू नका. उठा, स्वयंपाकघरातला दिवा लावा. कुणी परत येणार आहे म्हणून लावू नका, तुम्ही अजून इथे आहात म्हणून लावा."

हो ना, तुम्हीही थांबलात. सगळे थांबतात तिथे. आता तुम्ही म्हणाल, ज्या घरात नवरा नऊपर्यंत झोपायचा तिथे पहाट कसली रिकामी? मलाही तसं वाटलं होतं, अगदी पहिल्या वाचनात. पहाटे तर ह्यांचं असणं-नसणं सारखंच होतं, घोरणं सोडलं तर. पण मी म्हटलं, साहेबांना कळतं, त्यांची बायको आधीच गेलेली, त्यांना पहाटेचं माहीत असणार, मला अजून कळायचंय. आणि उठायला लागले. पाच वाजता, नऊ वर्षं, एक दिवस चुकवला नाही. बहीण म्हणते, कोंबडा पाळ, तुला सोबत होईल. दिवा लावायचा, इथे बसायचं, आणि वाटायचं की गावाच्या त्या टोकाला साहेबही आत्ता उठले असतील, त्यांच्याही स्वयंपाकघरात — तसलं काही नव्हतं हं. तसं पाहू नका माझ्याकडे. तसलं काहीच नव्हतं. पण दोन दिवे, एवढं वाटायला काय हरकत होती? रजा संपवून गेले तेव्हा मी त्यांना म्हटलं, साहेब, पत्र मिळालं, पहाटेचं अगदी खरं आहे. तर साहेब हातातला कागद खाली ठेवून म्हणाले, "मनापासून लिहिलं हो मी ते." असं म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाहून.

आता काल. काल मी तुमच्या हॉलमध्ये आले, फळ्यावरची पत्रं बघायला — खोटं कशाला बोलू, माझीच पत्रं बघायला, बऱ्याच वर्षांनी सगळी एका जागी. चांगली लिहिलीत, असं वाटलं. वाचत वाचत मधोमध आले, जिथे तुम्ही ते मोठं करून लावलंय, बेकरीवाल्या वहिनींचं. बेकरीवाला गेला त्याला बारा वर्षं झाली. आमच्या ह्यांच्या तीन वर्षं आधी. पहाटे घर सर्वांत जास्त रिकामं वाटेल. उठा, दिवा लावा. शब्दन् शब्द. वहिनींच्या घरी पहाट रिकामी होणारच होती, पहाटे तीनला भट्टी पेटवायचा तो माणूस — ऑफिसातल्या त्या खुर्चीवर बसून वहिनींनीच सांगितलं होतं, आता पहाटे घरात आवाजच नसतो, मी झोपूनच राहते. मी ऐकलं होतं. मी लिहिलं होतं, ह्या टेबलाशी, दोन दिवस. आणि विसरले. हजारांत एक पत्र, कसं लक्षात राहील? टेपवर स्वतःचा आवाज ऐकला तर माणूस म्हणतो ना, हा कोण बोलतोय, तसं झालं.

कसं केलं असेल ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. आमच्याकडे नियम होता, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवायची. प्रत्येक पत्राखाली मी कार्बन घालायची आणि प्रती फायलीला लावायची, नुसत्या तारखेने नाही हं — आईवडील गेलेले वेगळे, मूल गेलेले वेगळे, नवरा गेलेल्या बायका वेगळ्या, रंगीत चिठ्ठ्या लावून, कारण तीच तीच ओळ दोन घरी जायला नको. तेवढ्यासाठी. साहेबांना उठून फक्त कपाट उघडायचं होतं, निळी चिठ्ठी. एका मिनिटात सापडावं अशी फाईल मीच लावलेली. बेकरीवाला खोडून नवरा लिहायचं होतं, भट्टीचं एक वाक्य गाळायचं होतं. तेवढं केलंय त्यांनी. पहाट मात्र गाळायची राहिली.

नका हो. तसं सांत्वन नका करू, त्यातलं मला सगळं येतं, मीच लिहायची ते. काय लिहावं सुचलं नसेल, संकोच वाटला असेल, माझ्यापुढे आपलं कच्चं लिहिणं ठेवायला लाजले असतील — काल संध्याकाळपासून मी हे सगळं त्यांच्या बाजूने सांगून पाहिलंय, ऑफिसात त्यांची बाजू सांभाळायची सवयच आहे मला. दोन ओळी लिहिल्या असत्या तरी चाललं असतं. तुमच्या नवऱ्याने मला एकदा फुकट आत सोडलं होतं, एवढं. सोडलंही होतं ह्यांनी, मशीनच्या खोलीत बसवलं होतं साहेबांना, पाऊण तास. आणि मला माझाच उष्टा घास वाढला, आणि म्हणाले मनापासून. आणि मी नऊ वर्षं पाच वाजता उठते आहे, दुसऱ्या बाईच्या नवऱ्यासाठी.

तर नाही. पत्र देणार नाही. वहिनींच्या शेजारी लावलंत तर पाच मिनिटांत कुणीतरी दोन्ही वाचेल, आणि मग वहिनी ते घरी कसं नेतील? त्यांचं खोटं नाहीये ना. त्यांना ते त्यांच्यासाठीच लिहिलंय, ऐकून, बघून. ते त्यांचंच राहू दे. आणि बोलणारही नाही मी, सव्वीस वर्षं बोलले नाही, आता माईकवर कशाला? उद्या तुम्ही तेच वाचणार आहात ना, वहिनींचं? वाचा. साहेबांनी लिहिलं म्हणा, मला काय. फक्त हळू वाचा. दिवा लावा म्हटल्यावर थोडं थांबायचं, लगेच पुढच्या वाक्यावर जायचं नाही. तिथे मी जागा सोडली होती.

बस, निघा आता, तुम्हाला हॉलमध्ये खुर्च्या मांडून घ्यायच्या असतील. नाही, रागावले नाही तुमच्यावर, तुमचं काय त्यात. दहाला आहे ना सभा? माझी वाट बघू नका, मी उद्या नऊपर्यंत झोपणार आहे. आणि जाताना तो दिवा तेवढा — दाराशेजारचं बटण. ते नाही, वरचं. हं.