रुखवतात गेलेली पदकं

मी मूळची सायखेड्याची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई दुसऱ्यांच्या मळ्यात द्राक्षं खुडायला जायची, आणि आमच्या सगळ्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मी, हे आधीच सांगते, लिहून घ्या. आता इंदिरानगरला राहते, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, आणि पळते. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, पहाटे, सगळ्यांचे डबे करून. सहा वर्षांत सहा पदकं.

काय सांगू तुम्हाला, यंदा चढाच्या शर्यतीत नाव दिलं, त्र्यंबकच्या बाजूला, दहा किलोमीटर नुसता घाट, दीड तासात वर पोचेल त्यालाच पदक, आणि नेमकं तेव्हाच नणंदेचं लग्न ठरलं, नामपूरला. मग रुखवत कोण करणार? सासूबाई म्हणाल्या, तू शिकलेली, तुझ्या हाताला वळण आहे. शिकलेली म्हणजे पुठ्ठे कापायला शिकलेली का हो? दीड महिना मी पुठ्ठ्याचं मंदिर, सुपारीचे नवरा-नवरी, मोत्यांची तोरणं हेच केलं, पायऱ्यांचं तोंड बघितलं नाही. नवरी सोफ्यावर, मोबाइलमध्ये. तिथूनच म्हणते, वहिनी, सुपारीच्या नवऱ्याचा फेटा वाकडा झालाय गं. मी म्हटलं, लग्नात सरळ करून घे.

आणि लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलाशी जाते तर मधोमध मखमलीवर माझी सहा पदकं. माझी! वर चमकीनं नणंदेचं नाव. सासूबाईंना बाजूला घेतलं, हे काय? त्या म्हणाल्या, अगं, रुखवतातलं सगळं नवरीनंच केलं असं म्हणायचं असतं, बाकीचं तरी तिनं कुठं केलंय? आणि हे अगदी सरळ मनानं म्हणाल्या. माझा नवरा म्हणाला, चारचौघांत नको, नंतर मागून घेऊ. नंतर रुखवत टेम्पोत चढलं आणि गेलं नामपूरला. रुखवत परत मागतात का कुठं?

शर्यतीला बारा दिवस उरले होते. नवरा म्हणाला, यंदा राहू दे, अर्ध्यातून गाडीत घालून आणावं लागेल. झालं, तेवढ्या एका वाक्यावर गेले मी.

चौथ्या किलोमीटरला पोटऱ्यांचे दगड झाले. बारा दिवसांत काय होणार, सांगा ना. मागून ती थकलेल्यांना उचलणारी गाडी, हळूहळू, ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणतो, मावशी, बसता का? म्हटलं, मावशी कोणाला म्हणतो रे, हो पुढं. पळाले, चालले, परत पळाले, आणि प्रत्येक वळणाला सासूबाईंचं तेच, तिनं कुठं केलंय, तिनं कुठं केलंय. वर पोचले तर घड्याळात एक तास छत्तीस मिनिटं. सहा मिनिटं हो! सहा मिनिटांसाठी पदक नाही. तिथल्या मुलीनं हातात केळं दिलं. मी ते खाल्लं नाही. खोटं कशाला बोलू, खाल्लं, पण रागानंच खाल्लं.

मागच्या आठवड्यात नणंदेचा फोन, रडवेली. वहिनी, सासऱ्यांनी पदकं काचेच्या कपाटात लावलीत, येईल त्याला दाखवतात, आमनी सून पयनारी शे, म्हणजे आमची सून पळणारी आहे, आणि आता गावात शर्यत ठेवलीय, माझं नाव देऊन आलेत, मी काय करू? म्हटलं, खरं सांग त्यांना. ती म्हणाली, लय जीव लावतात गं ते, तोंडच उघडत नाही माझं. म्हटलं, मग पळ. माहेरी ये, पहाटे पाचला पायऱ्यांशी उभी राहा, आणि येताना माझी सहाही पदकं पिशवीत घाल, नाहीतर दार उघडणार नाही.

परवा आली. पाच आणली. सहावं सासऱ्यांनी हातातून सोडलं नाही म्हणे, घरात एक तरी राहू दे म्हणाले.

काल तिला पायऱ्यांवर नेलं. पन्नास पायऱ्यांत खाली बसली, वहिनी, मरते मी. म्हटलं, वर जाऊन मर. राग गेलेला नाही माझा, जायचाही नाही, सासूबाईंशी अजून मी कामापुरतंच बोलते. पण पोरीच्या पोटऱ्या चांगल्या आहेत, हे मात्र खरं. पळो बाई. त्या कपाटात तिचं स्वतःचं एक लागो, म्हणजे माझं सहावं घरी येईल.