गावातून आणलेली बस

आमच्या बापूकाकांचं काय झालं, ते ऐका. धारच्या जुन्या रस्त्यावर त्यांचं कचोरीचं हॉटेल होतं. बायपास झाला आणि गिऱ्हाईकच तुटलं. त्यांचा मुलगा दिनू देवासच्या बसवर ड्रायव्हर, आणि त्याची बसही आता बायपासनंच जायची. काका त्याला म्हणाले, "एक दिवस तरी बस गावातून आण रे."

त्यानं आणली. काकांनी सकाळपासून कचोऱ्या तळून ठेवल्या होत्या. बस हॉटेलसमोर थांबली, पण कोणी उतरलंच नाही. उलट एक जण दिनूवर खेकसला, "भिया, इस उजाड़ में काहे को ले आए?"

काकांनी भट्टी विझवली, कचोऱ्यांचा पुडा खिडकीतून दिनूच्या हातात दिला आणि म्हणाले, "लोकांना उशीर होतोय. उद्यापासून बाहेरूनच जात जा."