जिनातली आग आणि रेणुकाबाईंचे लोहचुंबक

माझे नाव मथुराबाई, नवरा चंपतराव, वय अंदाजे चाळीस, धंदा कापसाच्या जिनात म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात मजुरी, राहणार आदिलाबाद. सन १९५६, फेब्रुवारी महिन्यात ठाण्यावर समक्ष हजर राहून सांगते की,

काल दुपारी आमच्या जिनात आग लागली. मी यंत्रात कापूस टाकत होते. पोशेट्टी शेजारी रुई ओढत होता. यंत्रात खट्ट आवाज झाला, ठिणगी उडाली व रुई पेटली. पोशेट्टीने मला दंडाला धरून बाहेर ओढले. त्यात त्याचा हात भाजला.

आग विझल्यावर मॅनेजर केशवराव म्हणाले, पोशेट्टीने विडी टाकली. जिल्हा तेलगू मुलखात जाणार की मराठी, यावरून सध्या बाजारात तंटे चालू आहेत. पोशेट्टी तेलगू आहे. त्यामुळे लोकांनी "मुद्दाम लावली" असा ओरडा केला. आगीची खबर ऐकून आलेल्या ठाण्याच्या जमादारांनी त्यास धरले. मी म्हटले, "म्या पाह्यली ना ठिणगी! तो इडी पेतच नाई." केशवराव म्हणाले, "तू गप राय."

शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या रेणुकाबाई जिनाशेजारी राहतात. त्या बादली घेऊन आग विझवण्यास आल्या होत्या. त्यांनी विचारले, "आवाज कसा झाला?" मी म्हटले, "दगडावर कुदळ बसते तसा." त्या शाळेतून लोहचुंबक घेऊन आल्या.

त्यांनी यंत्राच्या पात्याखालची राख कागदावर घेतली व कागदाखालून लोहचुंबक फिरवले. काळे कण उभे राहून चालू लागले. केशवराव म्हणाले, "जुना गंज आहे." रेणुकाबाईंनी बिजागरीचा तांबडा गंज दुसऱ्या कागदावर खरवडला व तसेच केले. तो हलला नाही. त्या म्हणाल्या, "दोन्ही लोखंडाचेच. पण तांबडा गंज लोहचुंबकाला जुमानत नाही. हे काळे कण घासून उडालेल्या लोखंडाचे आहेत." जमादारांनी स्वतः फिरवून पाहिले.

मी यंत्रात टाकत होते तो कापूस ज्या बैलगाडीतून आला, तिच्यातला बाकीचा ढीग अंगणात उरला होता. रेणुकाबाई गुडघ्यांवर बसून सगळा ढीग लोहचुंबकाने चाळू लागल्या. लुगडे काळे झाले. लोक हसले. त्या थांबल्या नाहीत. लोहचुंबकाला बैलाच्या नालेचे खिळे चिकटून आले. मग यंत्र खोलले. पात्यात तसाच खिळा तुटून अडकला होता, पात्याला खाच पडली होती.

जमादारांनी पोशेट्टीस सोडले. केशवराव रेणुकाबाईंना म्हणाले, "बाई, माझी चूक झाली." त्या म्हणाल्या, "मला काय सांगता? त्यांना सांगा." केशवरावांनी सर्वांसमोर पोशेट्टीस सांगितले. तोवर रेणुकाबाई त्याच्या हाताला ओले फडके गुंडाळत होत्या.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात रेणुकाबाईंबद्दल सर्वत्र "ती" लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून "त्या" असे केले. आता बरोबर आहे. अंगठा दिला.