साठ पानं

हॉस्पिटलच्या लिफ्टपुढच्या रांगेत शिवणकाम करणारी एक बाई हातातली चिठ्ठी चुरगळत उभी होती. परवाच तिच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासणीला काढला होता. तिच्या मागे असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या दोन डॉक्टरणी बोलत होत्या, एकीचे केस पिकलेले, दुसरीचा कोट नवाकोरा.

“मॅडम, स्तनातल्या गाठींच्या तपासणीवर दोन पुस्तकं आहेत, त्यातलं एकच घ्यायचंय. हे जाडजूड घेऊ? कॅन्सरचे झाडून सगळे प्रकार आहेत.”

“कॅन्सरसारखं दिसतं पण कॅन्सर नसतं, त्याला किती पानं दिलीत?”

“थांबा, मोबाइलवर अनुक्रमणिका बघते... चार.”

“आणि त्या दुसऱ्यात?”

“साठ! पण परीक्षेत ते विचारतंय कोण?”

“परीक्षेत चुकलीस तर तुझे मार्क जातील. इथे चुकलीस तर कुणाचं काय जाईल, ते बोल.”

“...साठवालंच घेते.”

“आणि नोकरी लागली तरी ते टेबलावर ठेवायचं. कपाटात नाही.”

“तुम्हाला अजून लागतं? तुमचं तर तोंडपाठ असेल.”

“पाठ आहे म्हणूनच उघडते, बाळ. पाठ असलेलंच दगा देतं.”

लिफ्ट आली. बाई आत शिरली नाही, मागे वळली.

“डॉक्टर, त्या साठ पानांत माझी गाठ असेल का हो?”

मॅडमनी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली, सरळ केली, नाव वाचलं.

“ताई, तुमच्या तुकड्याची काच मी अजून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली नाही, त्यामुळे उगाच हो म्हणणार नाही. पण दुपारी बघायला बसेन ना, तेव्हा पुस्तक उघडं असेल.”