पिवळ्या खडूचे गोल

आसावरी : बाबा, एडिनबराहून पाच तास ट्रेनमध्ये बसून आले मी. चहा नंतर. आधी सांगा, भिंतीवर हे पिवळे गोल काय आहेत?

कमलाकर : दोष.

आसावरी : काय?

कमलाकर : घरातले दोष. प्रत्येकाला नंबर दिलाय. यादी जिन्याखाली टाचली आहे. एकोणतीस आहेत. तिसावा वादग्रस्त आहे.

आसावरी : आणि कोणी घर बघायला आला की तुम्ही तो यादी त्याला देता?

कमलाकर : दारातच. आत आल्यावर फसवलं असं कुणी म्हणायला नको. तीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होतो, आसू. ओरखडा दिसला की खडूनं गोल करायचा, सही करायची, गाडी पुढे. लोक विश्वास ठेवायचे.

आसावरी : पाच पार्टी आल्या. पाचही पळाल्या.

कमलाकर : चार. पाचवे चालत गेले, गुडघ्याचा त्रास होता त्यांना.

आसावरी : ते डॉक्टर कपल?

कमलाकर : छताखाली कुठे उभं राहू नये, तेवढं दाखवलं त्यांना. पडेल म्हणालो नव्हतो. पडू शकेल म्हणालो. शिकलेल्या माणसांना हा फरक कळायला हवा.

आसावरी : बाबा, हा जोक नाहीये. आपली डील काय होती? नोव्हेंबरमध्ये तुम्ही जिन्यावरून पडलात, चार तास तिथेच पडून...

कमलाकर : अडीच. पुढचा दीड तास मी स्वखुशीनं पडून होतो.

आसावरी : तेव्हा मी म्हटलं, तुम्ही एकटे राहायचं नाही. वरच्या मजल्यावर कोणी तरी भाडेकरू पाहिजे. आजपर्यंत मिळाला नाही तर तुम्ही माझ्याकडे येणार आणि हा घर विकायचा. तुम्ही हो म्हणालात.

कमलाकर : तुझ्याकडची ती खोली मी पाहिली आहे. इस्त्रीचा बोर्ड असतो तिथे. आम्ही दोघं मावणार नाही, आणि बोर्ड आधीपासून राहतोय.

आसावरी : मग आज नीट वागा. तीन वाजता कोण येणार?

कमलाकर : मंजिरी म्हणून आहे. नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. फोलशिल रोडच्या वाण्याकडे 'खोली भाड्यानं देणे आहे' असं आपलं कार्ड लावलंय, ते वाचून फोन केला तिनं. आवाजावरून समजूतदार वाटली. म्हणजे तीसुद्धा जाणार.

आसावरी : नाही जाणार. पडदे उघडा, दिवे लावा. पगार विचारू नका. आईच्या आजाराचं सांगत बसू नका. घराबद्दल फक्त चांगलं बोला.

कमलाकर : खोटं?

आसावरी : चांगलं, बाबा. मी गोल पुसते.

कमलाकर : पाण्यानं जाणार नाहीत, मेणाचा खडू आहे. सिंकखाली टर्पेंटाइन आहे बघ.

आसावरी : बाबा, किचन गरम कसा आहे?

कमलाकर : गरम असलं तर वाईट का?

आसावरी : हीटिंग अजून लावलं नाही मी. मागच्या दारातून वारा यायचा. नेहमी. तो कुठे गेला?

कमलाकर : यादीत पहिला नंबर त्याचाच होता. म्हटलं, निदान एक तरी खोडावा, येणाऱ्याला बरं दिसेल. सोमवारी दाराखाली रबराची पट्टी बसवली.

आसावरी : किती वेळ लागला?

कमलाकर : वीस मिनिटं. त्यातली पाच स्क्रूड्रायव्हर शोधण्यात.

आसावरी : आई इथे कोट घालून पोळ्या करायची.

कमलाकर : हो.

आसावरी : तो ब्राउन कोट. फोडणीचा वास यायचा त्याला. पेरेंट्स इव्हनिंगच्या आधी मी तिला म्हटलं, हा कोट घालून माझ्या शाळेत येऊ नको. मग ती कोटाशिवाय आली. फेब्रुवारीत.

कमलाकर : मला म्हणाली, घाईत विसरले.

आसावरी : आणि दाराबद्दल? ती तुम्हाला काहीच बोलली नाही कधी?

कमलाकर : दाराला तो कोट अजून टांगलेलाच आहे. जरा बाजूला कर.

आसावरी : इथेही गोल आहे. पण जुना. चौदा, एक, अठ्ठ्याऐंशी. हे आईचा अक्षर आहे ना? मला वाचता येत नाही. काय लिहिलंय?

कमलाकर : वारा येतो. खाली सही, अनुराधा. माझ्याच खिशातला खडू घेतला तिनं. आमच्या पद्धतीनं तारीखबिरीख घालून. साध्या मराठीत सांगून कळत नाही म्हटल्यावर.

आसावरी : आणि त्याच्या खाली के. जे.?

कमलाकर : ती माझी सही. पाहिलं म्हणून. खूण करायची, पाहायचं, एवढंच आमचं काम. दुरुस्ती पुढच्या खात्याची.

आसावरी : घरात पुढचं खातं कुठे होतं, बाबा?

कमलाकर : तिनंही हेच विचारलं होतं.

(दारावरची बेल वाजते.)

मंजिरी : नमस्कार काका. मी मंजिरी, फोन केला होता ना.

कमलाकर : या. हा हॉल. उत्तम हॉल आहे, चारही भिंती जागेवर आहेत. हा जिना. जिन्याबद्दल माझं मत अतिशय चांगलं आहे.

आसावरी : बाबा. मंजिरी, तू वर जाऊन आरामात बघ. डाव्या हाताची खोली.

मंजिरी : हो, बघते. हा वास कसला येऊन राहिला?

आसावरी : टर्पेंटाइन. थोडं साफ केलं.

कमलाकर : आसू, मी काही जास्त बोललो का?

आसावरी : चारही भिंती जागेवर आहेत, हे नाही सांगितलं तरी चालतं. श्श. आली ती.

मंजिरी : खोली छान मोठी आहे, काका. खिडकी तेवढी खडखडते. पण किचन उबदार आहे हो तुमचं. आत्ता राहते तिथे मी जाकीट घालून स्वयंपाक करते. घरमालक म्हणतो, बघतो. दोन हिवाळे झाले, बघूनच राहिला. आणि दारावर हा गोल कसला?

आसावरी : तो काही नाही. एक पुसायचा राहिला.

कमलाकर : तक्रार आहे. माझ्या बायकोची, अडतीस वर्षांपूर्वीची. परवा सोमवारी मिटवली.

मंजिरी : अरे वा. मग काकू खूश झाल्या असतील.

कमलाकर : तिला जाऊन तीन वर्षं झाली. आजाराचं काही बोललो नाही, आसू.

मंजिरी : सॉरी काका. मला माहीत नव्हतं. मी विचार करून आठवड्याभरात कळवते.

आसावरी : आज नाही का सांगता येणार?

कमलाकर : असू दे, आसू. तो स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवला मी?

आसावरी : ओट्यावर आहे. कशाला?

कमलाकर : वरच्या खिडकीला.

मंजिरी : अहो, पण मी अजून हो म्हटलं नाही.

कमलाकर : नका म्हणू. त्याचा याच्याशी संबंध नाही.

आसावरी : बाबा, जिना. कठडा धरा. बाबा.

मंजिरी : थांबा, मीही येते. तुम्ही खुर्चीवर चढू नका, मला सांगा फक्त. आणि काका, सामान शनिवारी आणलं तर चालेल ना? खिडकीला किती वेळ लागेल?

कमलाकर : वीस मिनिटं. मलाही सोमवारीच कळलं.